इंग्रजी लेक्चर, मराठी डोकं: कॉलेजच्या पहिल्या वर्षी नोट्स कशा काढाव्यात

शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतलं की काम भागायचं. वर्ग मागे पडला तर बाई थांबायच्या, पुन्हा सांगायच्या, आणि धड्याखाली प्रश्न छापलेलेच असायचे. कॉलेजात सर सलग पन्नास मिनिटं बोलतात, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत. फळ्यावर जेमतेम आठ-दहा शब्द येतात आणि बेल झाली की पुढचा विषय सुरू. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पंचाईत दुहेरी असते: ऐकायचं, समजून घ्यायचं, भाषांतर करायचं आणि लिहायचं, हे सगळं एकदमच.

आधी थोडा हिशेब. वर्गात शिकवणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १५० शब्द बोलतो. हाताने भराभर लिहिणाऱ्याचे फार तर २५-३० शब्द होतात. म्हणजे पाच शब्दांतला एकच वहीत येऊ शकतो. सगळं लिहायला जाल तर पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंत पुढची तीन हातची जातात, आणि नेमकं उदाहरण किंवा कारण त्यातच असतं. पाचांतला कुठला शब्द घ्यायचा आणि उरलेले चार नंतर कसे भरून काढायचे, एवढंच यात शिकण्यासारखं आहे.

वही आणि पानाची आखणी

प्रत्येक विषयाला वेगळं लाँगबुक घ्या. एकाच वहीत पुढून अर्थशास्त्र आणि मागून अकाउंट्स असा संसार ऑगस्टपर्यंत टिकतो, मग पानं एकमेकांत घुसतात. किती पानी घ्यायचं, तर थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटच्या पेपरला ६० तास झाले. तासाला दोन पानं धरली तरी १२० पानं, म्हणजे २०० पानी लाँगबुकात सेमिस्टर आरामात बसतं. लांबून लोकलने किंवा एसटीने येणाऱ्यांना पाच लाँगबुकं रोज वागवणं जमत नाही. त्यांनी सुटे आखीव फुलस्केप न्यावेत आणि घरी विषयवार फायलीत लावावेत. मात्र प्रत्येक कागदावर वर उजवीकडे विषय, तारीख आणि पान क्रमांक हवाच. हे तीन नसलेला सुटा कागद आठवड्यानंतर कुणाचाच नसतो.

पहिली दोन पानं अनुक्रमणिकेसाठी सोडा. तारीख, मुद्दा, पान, एवढ्या तीन रकान्यांची ही नोंद परीक्षेच्या आदल्या रात्री तासभर वाचवते.

आता पानाची आखणी. डावीकडून ६ सेंटिमीटरवर उभी रेघ मारा. लाँगबुकातली छापील लाल रेघ अरुंद असते, तेवढ्या जागेत प्रश्न मावत नाही. खाली ५ सेंटिमीटरवर एक आडवी रेघ. उजवीकडचा मोठा भाग लेक्चरमध्ये लिहायचा, डावी पट्टी आणि खालची पट्टी वर्गात कोरी ठेवायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला ही पद्धत रूढ केली, म्हणून तिला कॉर्नेल पद्धत म्हणतात. रेघा रविवारी एकदम वीस पानांवर मारून ठेवा. वर्गात पट्टी शोधत बसलात की हजेरी संपून विषय सुरू झालेला असतो.

पेनं दोनच. निळ्याने वर्गात लिहायचं आणि काळ्या किंवा हिरव्याने घरी भर घालायची. सर काय म्हणाले आणि तुम्ही पुस्तकातून काय घेतलं, हे दोन महिन्यांनी फक्त शाईवरूनच कळणार आहे. हायलायटर दप्तरात असू द्या, वर्गात बाहेर काढू नका. पहिल्यांदा ऐकताना सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळंजर्द होतं.

लेक्चरच्या आधीची दहा मिनिटं

सिलॅबसची प्रिंट पहिल्या आठवड्यात काढून वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर तो मिळतो. पाहताना आपलं वर्ष आणि आपला पॅटर्न तपासा, कारण जुने सिलॅबसही तिथेच पडून असतात.

आदल्या दिवशी त्या युनिटची पाठ्यपुस्तकातली फक्त शीर्षकं आणि आकृत्या चाळा. सगळं वाचायची गरज नाही. त्यातले पाच-सहा पारिभाषिक शब्द उद्याच्या पानाच्या माथ्यावर इंग्रजीत आणि मराठीत लिहून ठेवा: डिमांड, मागणी, सबस्टिट्यूट, पर्यायी वस्तू, इलॅस्टिसिटी, लवचिकता. मराठी शब्द अडला तर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्र, वाणिज्य, रसायनशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश केलेले आहेत, ते इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शब्द ओळखीचा असला की कान त्याला अडखळत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी या सगळ्या लेखातलं सर्वांत फायद्याचं काम हेच आहे, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

वर्गात: ऐका, थांबा, मग लिहा

सर एक मुद्दा पूर्ण करेपर्यंत पेन टेकवू नका. मुद्दा संपला की श्वास घ्यायला, फळा पुसायला किंवा मागच्या बाकाला दटावायला ते थांबतातच. तेवढ्यात आपल्या शब्दांत एक ओळ लिहा. अपवाद तीन: व्याख्या, सूत्र आणि आकडा. हे जसंच्या तसं उतरवायचं.

अर्थशास्त्राच्या तासाचा एक तुकडा पाहा. सर म्हणतात:

"लॉ ऑफ डिमांड तुम्हाला फक्त डायरेक्शन सांगतो. किंमत कमी झाली की मागणी वाढते. बट बाय हाऊ मच? ते सांगते इलॅस्टिसिटी. आता मीठ घ्या. मीठ दुप्पट महाग झालं म्हणून आई आमटीत निम्मंच मीठ घालणार का? नाही. पण सिनेमाचं तिकीट तीनशेचं दोनशे झालं, तर एरवी न जाणारेही जातील. सो सॉल्ट इज इनइलॅस्टिक. आता एक सम बघू. प्राइस वीसची अठरा झाली, डिमांड शंभरची एकशे तीस झाली…"

शब्दन् शब्द लिहू पाहणाऱ्याच्या वहीत "लॉ ऑफ डिमांड तुम्हाला फक्त डायरेक्शन सांगतो किंमत कमी झाली की" एवढं येतं, मग एकदम "सॉल्ट इज". मधलं सगळं गेलं. चांगल्या पानाच्या उजव्या भागात असं दिसेल:

मागणीचा नियम → फक्त दिशा
लवचिकता → किती?
सूत्र: मागणीतला % बदल ÷ किमतीतला % बदल
मीठ: किं ↑↑, मा जवळपास तेवढीच → इनइलॅस्टिक (१ पेक्षा कमी)
तिकीट: किं ↓, मा ↑↑ → इलॅस्टिक (१ पेक्षा जास्त)
सम: किं २० → १८ (१०% ↓), मा १०० → १३० (३०% ↑) ∴ ३०/१० = ३
उणे चिन्ह?? – विचारणे

शेवटची ओळ नीट पाहा. किंमत आणि मागणी उलट दिशेने जातात, म्हणून उत्तर खरं तर उणे ३ येतं आणि ते चिन्ह बोलताना सोडून देतात. वर्गात हे कळलं नाही तरी बिघडत नाही. दोन प्रश्नचिन्हं टाकून, तीन ओळी कोऱ्या सोडून पुढे जायचं. सुटलेल्या गोष्टीसाठी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलात की तुमचा मुद्दा जातो, त्याचाही जातो, आणि त्याच्या वहीत ते असेलच असंही नाही.

भाषेची सरमिसळ बिनधास्त होऊ द्या. ऐकताना भाषांतर करायचं नाही. संज्ञा इंग्रजी आणि जोडणारी वाक्यं मराठी, ही वर्गात सर्वांत वेगाने चालणारी भाषा आहे. सरांचीही तीच असते. स्पेलिंग येत नसेल तर शब्द ऐकू आला तसा देवनागरीत लिहा: "गिफेन गुड्स", "सेटेरिस पॅरिबस". स्पेलिंग संध्याकाळी पुस्तकात बघा. मुलं स्पेलिंगपाशी अडतात आणि त्या चार सेकंदांत व्याख्या निघून जाते.

कुठे कान टवकारायचे

इंग्रजीतून होणाऱ्या व्याख्यानात वळणं सांगणारे ठराविक शब्द असतात. "देअर आर फोर फॅक्टर्स" ऐकलं की लगेच १, २, ३, ४ आकडे खाली खाली लिहून प्रत्येकासमोर तीन ओळी सोडा. लवचिकता कशावर अवलंबून, याची चार कारणं सांगताना सर पर्यायी वस्तू आणि गरज-चैन यांवर पंधरा मिनिटं रमतात, उत्पन्नातला वाटा दोन मिनिटांत उरकतात, आणि चौथा मुद्दा, म्हणजे काळ, बेलच्या गडबडीत येतो. चौथा आकडा आधीच लिहिलेला असला तर रिकामी जागा तुम्हाला खुणावत राहते. नसला तर मुद्दा गेल्याचंही कळत नाही.

"ऑन द अदर हँड", "हाउएव्हर" म्हणजे आता उलट बाजू येणार. पान मधोमध दुभागा. "दॅट इज" म्हणजे मघाचंच सोपं करून सांगताहेत. आधीचं लिहून झालं नसेल तर हे लिहा. "कन्सिडर" किंवा "समजा" म्हणजे उदाहरण. फळ्यावर जे येतं, जे दोनदा सांगितलं जातं आणि जे सांगताना आवाज संथ होतो, ते घ्यायचंच. "हे परीक्षेला येतं" असं ऐकलं तर समासात चांदणी काढा, पण बाकीचं सोडून देऊ नका. चांदणीचे मुद्दे सगळ्या वर्गाकडे असतात.

लघुरूपं: दहा पुरेत

वाढ ↑, घट ↓, परिणाम →, म्हणून ∴, कारण ∵, समान =, वेगळं ≠, अंदाजे ~, उदाहरण उदा., म्हणजे म्ह. ही पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा आणि सगळ्या विषयांत तीच वापरा. त्या दिवसापुरती खास लघुरूपं लागली, उदाहरणार्थ किंमतीला "किं" आणि मागणीला "मा", तर पानाच्या माथ्यावर एकदा फोड करून ठेवा. ऐनवेळी सुचलेली लघुरूपं पुढे दगा देतात. राज्यशास्त्राच्या वहीतला "सं." संसद, संविधान की संघराज्य, हे मार्चमध्ये कुणालाच सांगता येत नाही.

विज्ञान आणि गणिताचं वेगळं

इथे फळ्यावरचं उतरवावं लागतंच, पण नुसत्या पायऱ्या उतरवून हाती काही येत नाही. प्रत्येक पायरीच्या उजवीकडे ती का झाली ते दोन-तीन शब्दांत लिहा. वायूंच्या गतिज सिद्धांतात दाबाचं सूत्र काढताना मध्येच १/३ येतो. पायरी वहीत असते, पण तो कुठून आला ते नसतं. त्याच्यासमोर "तिन्ही दिशांना सरासरी सारखी ∴ १/३" एवढं लिहिलं तर पुढे सूत्र पाठ करावं लागत नाही. सर "इट इज ऑब्व्हियस" म्हणून पायरी गाळतात तिथे समासात वर्तुळ करा आणि ती पायरी घरी स्वतः भरा.

आकृती निदान अर्धं पान घेऊन, पेन्सिलने काढा. सर काढतात त्याच क्रमाने तुम्हीही काढा आणि बाणांना क्रमांक द्या. तयार आकृती उतरवली तर तिच्यात काय आधी घडतं आणि काय नंतर, ते हरवतं. नावं सगळी उजवीकडे, एकाखाली एक. प्रॅक्टिकलच्या जर्नलची टापटीप इथे नको, वेग हवा.

पीपीटी, फोटो, लॅपटॉप

स्लाइड मिळणार असतील तर स्लाइडवरचं लिहू नका. "स्लाइड १२" एवढं नोंदवून सर त्यावर तोंडी जे बोलले ते लिहा. पीपीटी नंतर ग्रुपवर येतेच, तोंडी स्पष्टीकरण येत नाही. मिळणार की नाही, हे पहिल्याच तासाला विचारून घ्या.

फळ्याचा फोटो शेवटचा उपाय म्हणून ठीक. काढलात तर पानावर त्या जागी "फोटो, फळा २" लिहा आणि त्याच संध्याकाळी त्यातलं वहीत घ्या. नाहीतर तो गॅलरीत लग्नाच्या फोटोंच्या आणि सुप्रभातच्या मेसेजच्या खाली गाडला जातो. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या. शिवाय पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकायला पन्नासच मिनिटं लागतात. रोजची चार लेक्चरं पुन्हा ऐकायला वेळ कुठून आणणार?

लॅपटॉपबद्दल मतं बरीच आहेत. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगात असं दिसलं, की टाइप करणारे विद्यार्थी जास्त शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात. पुढे हे प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. म्हणजे दोष यंत्राचा असेलच असं नाही, पण टाइप करताना न समजता उतरवणं सोपं होतं हे खरं. त्यातून आपल्या परीक्षा अजून बहुतेक कागदावर, दोन-अडीच तास हाताने लिहायच्या असतात. हाताची सवय मोडू नये.

डिक्टेशन देणारे सरही भेटतील. तिथे मुकाट लिहून घ्या, मात्र दर परिच्छेदाला डाव्या पट्टीत एक शब्द टाका: "व्याख्या", "फायदे", "टीका". सगळं पान एकसारखं भरलं की नंतर त्यात काहीच सापडत नाही.

त्याच दिवशीची पंधरा मिनिटं

सगळ्यात जास्त वह्या वाया जातात त्या इथे. वर्गात काढलेली नोट अर्धवटच असते. ती त्याच दिवशी पुरी करायची असते, कारण गाळलेले चार शब्द अजून डोक्यात असतात. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं, की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो. रविवारी बसून आठवड्याच्या नोट्स पूर्ण करू म्हणणाऱ्याला स्वतःचंच अक्षर परकं वाटतं.

दर लेक्चरमागे पंधरा मिनिटं, घरी किंवा परतीच्या गाडीत जागा मिळाली तर तिथेच. आधी दुसऱ्या शाईने गाळलेल्या जागा भरा. पुस्तक उघडून प्रश्नचिन्हं सोडवा आणि जे सुटत नाही ते उद्या सरांना विचारायला वेगळ्या चिठ्ठीवर घ्या. मग डाव्या पट्टीत प्रश्न लिहा. शीर्षक नको, प्रश्नच हवा. वरच्या पानासाठी असे: "मागणीचा नियम आणि लवचिकता यांत फरक काय?", "मीठ इनइलॅस्टिक का?", "उत्तर उणे का येतं?" शेवटी खालच्या पट्टीत दोन ओळींत पूर्ण पानाचं सार, पान न पाहता. ते लिहिता आलं नाही तर पान समजलेलं नाही, आणि हे परीक्षेआधी तीन महिने कळणं फार बरं.

पेपर इंग्रजीतून द्यायचा असेल तर दुसऱ्या महिन्यापासून डाव्या पट्टीतले प्रश्न आणि खालचं सार इंग्रजीत लिहायला लागा, मोडकंतोडकं चालेल. उत्तराचं इंग्रजी इथेच घडतं, एकदम परीक्षेच्या हॉलमध्ये नाही. कला आणि वाणिज्य शाखेत बऱ्याच विषयांचा पेपर मराठीतून लिहिता येतो. आपल्या विषयाला ती सोय आहे का, हे जुलैमध्येच ऑफिसात विचारा, म्हणजे कुठल्या भाषेत तयारी करायची ते ठरेल.

एक सवय मात्र मोडाच: रफ वही आणि फेअर वही. सुंदर अक्षरात, रंगीत शीर्षकं देऊन सगळं पुन्हा उतरवणं हे अभ्यासासारखं दिसतं, पण हात चालतो आणि डोकं गाण्यात असतं. एका लेक्चरला पाऊण तास जातो, तिसऱ्या आठवड्यात फेअर वही मागे पडते, आणि मग रफ वहीतही काही धड नसतं. एकच वही, खाडाखोड असलेली, चालेल.

वाचायचं कसं

या नोट्स पुन्हा पुन्हा वाचून फार उपयोग नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून डाव्या पट्टीतले प्रश्न. उजवा भाग कोऱ्या कागदाने झाका, प्रश्न वाचा, उत्तर तोंडाने म्हणा किंवा खरडा, मग कागद सरकवून ताडा. चुकलेल्या प्रश्नासमोर टिंब द्या. शनिवार-रविवारी विषयाला वीस मिनिटं, आणि इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या, आधी फक्त टिंबवाले प्रश्न. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून आपले प्रश्न त्यांच्याशी जुळवून पाहा. पहिल्या सेमिस्टरला बरेच हुकतील, दुसऱ्याला अंदाज येतो.

लेक्चर बुडालं तर

दुसऱ्याच्या नोट्सची झेरॉक्स काढून फायलीत लावली म्हणजे काम झालं असं नाही. त्या नोट्समधले पाचांतले चार शब्द त्याच्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत. दोघांच्या वह्या मागा, कारण दोघांनी गाळलेलं सहसा एकच नसतं. आधी पुस्तकातला तो भाग वाचा, मग त्या वह्यांवरून आपल्या पानावर आपल्या शब्दांत लिहा, आणि वर "बुडालं, दुसऱ्याच्या वहीवरून" अशी नोंद करा. मग ज्याची वही घेतली त्यालाच दहा मिनिटं गाठून विचारा, "सर यात उदाहरण कुठलं देत होते?" पुस्तकात नसलेलं तेवढं त्याच्याकडून मिळतं. हे सगळं पुढच्या लेक्चरच्या आत झालं पाहिजे. सर नव्या तासाला "काल आपण पाहिलं की" असं म्हणूनच सुरू करणार आहेत.